कड्याखाली राहिलेला अर्धा दगड

मी खिडकीतला दगड बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण शेजारी बेसिनचा नळ चालू आहे, आणि पाणी वाहायला लागलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. नळ बंद झाला की आवाज चढवेन म्हणतो.

कठोर माणसाला तुम्ही दगडाच्या काळजाचा म्हणता. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने एखाद्या दगडाला विचारून घ्यायला हवं होतं. मी तर जन्माचा भित्रा. दिसायला तळहाताएवढा, करडा, पाठ ठेचलेली, कडा उडालेल्या. नीट पाहिलंत तर पोटावर एक नखाएवढा शिंपला दिसेल आणि त्याच्या खालून निघालेली एक काळी रेघ. ती पानाच्या देठाची रेघ आहे. पान मात्र आता नाही. ते कसं गेलं, तेच सांगायला बसलोय.

मुळात मी चिखल होतो. नदी जिथे समुद्राला मिळते तिथला मऊ, चिकट, काळपट चिखल. खेकडे माझ्यातून तिरके तिरके पळायचे, मासे पोटं घासून जायचे, आणि मला कशाचंच काही वाटायचं नाही. मग एके दिवशी वरच्या जंगलातून एक पान वाहत आलं. दातेरी कडांचं, झालरीसारखं. ते माझ्यावर अलगद टेकलं. त्याच्या देठावर एक छोटा शिंपला येऊन बसला. तो जिवंत होता. बिचारा विसाव्याला बसला असेल, मला वाटतं. तेवढ्यात नदीला पूर आला आणि आमच्या तिघांवर गाळाचा जाडजूड थर येऊन पडला.

तो शिंपला आधी धडपडला, मग थांबला. भीती म्हणजे काय ते मला त्याच्याकडून कळलं. तेव्हापासून ती माझ्यातून गेलेली नाही.

पुढे किती काळ गेला ते मला विचारू नका. अंधारात मोजायला काही नसतं. वरचं ओझं वाढत गेलं, मी घट्ट होत गेलो, पान काळं पडून कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ झालं. करायला काहीच नसल्यामुळे आम्ही थांबायला शिकलो. दुसरी कुठली विद्या आमच्याकडे नाही, पण थांबण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही.

मग समुद्राने खालून कडा पोखरला आणि एका पावसाळ्यात कड्याचा मोठा तुकडा धाडदिशी खाली आला. त्याच्याबरोबर मीही. इतक्या काळाने उजेड पाहिला, वाटलं सुटलो. कसला सुटतोय. दिवसातून दोनदा भरती यायची, अंगावरून जायची आणि जाताना माझा एखादा कण घेऊन जायची. माझ्या शेजारी पडलेले धोंडे बघता बघता गोटे झाले, गोट्यांची वाळू झाली. कालपर्यंत शेजारी असलेला आज पायाखाली रवाळ होऊन पडलाय, हे बघून कुणाची पाचावर धारण बसणार नाही? माझ्या पोटात तर एक पान होतं आणि एक शिंपला होता. मी संपलो की तेही संपणार होते.

अशात ती दोघं आली.

एक म्हातारे डॉक्टर, दातांचे. दवाखाना बंद करून बरेच दिवस झालेले, गुडघे कुरकुरणारे, कान मंद झालेले, पण हात अजून दवाखान्यातच असल्यासारखे नेमके. दुसरी त्यांची सून. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि दिवसभर लोकांचे डोळे तपासून तिचेच डोळे धारदार झाले होते. दगड शोधायचा तिने आणि उघडायचा त्यांनी, अशी वाटणी होती. डॉक्टरांची बायको गेल्यावर त्या घरात बोलणंच उरलं नव्हतं. मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी, अधूनमधून येणारा. सासरे आणि सून एका टेबलाशी जेवायचे आणि वाढू का, पुरे, एवढंच बोलायचे. शेवटी एका सुट्टीला तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही ते दगड कुठून आणता, मलाही दाखवा ना." तेव्हापासून ओहोटीच्या वेळा बघून दोघं कड्याखाली येत होती, आणि इथे मात्र त्यांची तोंडं बंद राहत नव्हती.

त्या दिवशी तिने मला उचललं आणि उजेडाकडे धरलं.

"बाबा, हा बघा. याच्या पोटात काहीतरी आहे."

"तुला प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दिसतं. माझ्याही पोटात दिसेल."

"तुमच्या पोटात दोन वेळची साखर आहे, ती मला आधीच माहितीये. याच्या कडेला काळी रेघ आहे. बघा तर."

डॉक्टरांनी भिंग लावलं आणि मला फिरवून फिरवून पाहिलं. मग मला एका खडकावर उभं धरलं आणि रेघेवर छिन्नी टेकवली. प्रत्येक दगड उघडताना ते एकच बोलायचे, दवाखान्यातली सवय. "मोठा आ करा. जरा टोचेल हं. दुखणार नाही."

दुखलं. चांगलंच दुखलं. दातांचे डॉक्टर असंच म्हणतात, हे मला मागाहून कळलं.

एका ठोक्यात मी एकाचे दोन झालो. माझ्या बाजूला पान राहिलं, अख्खं, काळं, शिरांसकट, आणि देठावर शिंपला. दुसऱ्या अर्ध्यावर त्या दोघांचे ठसे उमटलेले. तो माझा जोड. जन्मभर मी त्याला चिकटून होतो, आणि त्याचं तोंड मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं. तोही माझ्याइतकाच घाबरलेला दिसला.

डॉक्टर ओल्या खडकावर तसेच बसले. "सूनबाई, पान."

"आणि शिंपला, बाबा. पानावरच आहे."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्याला कारण होतं. शहरातल्या संग्रहालयात एक बाई होत्या, हुशार आणि तिखट. डॉक्टर त्यांना वर्षानुवर्षं सांगत होते की या कड्याच्या जागी एकेकाळी नदीचं मुख होतं. एका पिशवीतून पानं न्यायचे, दुसरीतून शिंपले. बाई म्हणायच्या, "पान कुठलं, शिंपला कुठला, कोण सांगणार? दोन्ही एका दगडात दाखवा, मग बोलू." आता ते एका दगडात होतं. तो दगड मी होतो.

"बाईंना म्हणावं, आता तुम्ही आ करा," डॉक्टर म्हणाले आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

आता त्यांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरूनच घडलं. दगडाचे दोन भाग झाले की ते कधीच एका पिशवीत ठेवायचे नाहीत. एक तिच्याकडे, एक त्यांच्याकडे. एखादी पिशवी पाण्यात पडली, कुणी घसरलं, तरी अर्धा तरी घरी पोचावा म्हणून. चष्मे पुसायची पिवळी मऊ फडकी ती दुकानातून आणायची. त्यात गुंडाळून एकेक भाग एकेकाच्या खांद्याला जायचा. इतकं अंगवळणी पडलं होतं, की तुझ्याकडे आहे का, तुमच्याकडे आहे का, असं कुणी कुणाला विचारायचंच नाही.

तिने माझा जोड फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला. मी ओला होतो. ओलं पान गुंडाळलं तर फडक्याला चिकटून निघून येतं, म्हणून डॉक्टरांनी मला जरा उंचशा सपाट खडकावर वाळत ठेवलं, पान वर करून. वारा लागत होता. एक क्षण मला बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात होडीतून हाक आली. तिथे एक खेकडेवाला होता. दिवसभर त्या खडकांमधून सापळे टाकत हिंडायचा आणि या दोघांना तो जरा वेडीच समजायचा. "ओ डॉक्टर, वारा फिरलाय. आज पाणी लवकर चढणार. आवरा लवकर."

मग घाई झाली. तिने आपली पिशवी उचलली. हातोडी, छिन्नी, भिंग डॉक्टरांनी आपल्या पिशवीत टाकलं आणि सवयीने बाहेरून चाचपून पाहिलं. आत पिवळ्या फडक्यातलं गाठोडं हाताला लागलं. त्यात सकाळच्या एका फुटक्या शिंपल्याच्या दगडाचा अर्धा होता. त्यांना वाटलं तो मीच. तिला वाटलं, एक माझ्याकडे आहे म्हणजे दुसरा बाबांकडे असणारच. दोघं हसत बोलत निघून गेली.

मी ओरडलो. जिवाच्या आकांताने ओरडलो. माझं बोलणं तुम्हाला आत्ता ऐकू येतंय, पण तेव्हा कुणालाच येत नव्हतं.

ती जागा कशी होती ते सांगायला हवं. कड्याला आत वळलेली एक बाक होती, मी त्या बाकेत. तिथून बाहेर पडायचं तर कड्याचं एक नाक समुद्रात शिरलं होतं, त्याला वळसा घालून जावं लागे. पलीकडे वर जायच्या दगडी पायऱ्या. भरतीचं पाणी आधी त्या नाकाशी पोचायचं आणि मग बाकेत शिरायचं. म्हणजे बाकेतल्या माणसाचे पाय कोरडे असतात, आणि वाट कधीच बंद झालेली असते. मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं. तिथे अडकलेल्या बकऱ्या पाहिल्या होत्या.

तिकडे पायऱ्यांशी काय झालं ते मला नंतर कळलं. या स्वयंपाकघरात ते इतक्या वेळा सांगून झालंय की मी तिथेच असल्यासारखं मला पाठ आहे. डॉक्टर नेहमी पहिल्या टप्प्यावर बसायचे. गुडघे दुखतात हे त्यांना कबूल करायचं नसे, म्हणून ते समुद्र बघतोय म्हणायचे, आणि ती समजूतदारपणे पुढे होऊन वर गाडीशी सामान लावत बसायची, मागे वळून बघायची नाही. त्या दिवशीही ती वर गेली. डॉक्टरांनी मला एकदा डोळे भरून बघावं म्हणून गाठोडं सोडलं. आत दुसराच निघाला.

त्यांनी तिला हाक मारली नाही. अंग हलकं व्हावं म्हणून पिशवी तिथेच पायरीवर ठेवली आणि उलटे निघाले.

मी त्यांना नाकाला वळसा घालून येताना पाहिलं आणि माझं काळीज चरकलं. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागत होतं. येऊ नका, म्हणत होतो मी. मागे फिरा. मी इथे युगं काढलीत, आणखी एक रात्र निघेल. नाही निघाली तर वाळू होईन, त्यात काय, सगळेच होतात. आता इतकं शहाणपणाचं बोलतोय, पण तेव्हा लाटेचे शिंतोडे पानावर पडायला लागले होते आणि माझ्यातला अर्धा भाग म्हणत होता की या, लवकर या. माझी भीती त्या दिवशी दोन तोंडांनी बोलत होती.

ते आले. मला उचललं, पान बघितलं, हुश्श केलं. "सापडलास बाबा," म्हणाले. आणि वळले तर नाकाशी वाट राहिलेली नव्हती. पांढरा फेस उसळत होता.

माणसाचा चेहरा उतरतो म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं. एक पाऊल पुढे गेले, लाटेने त्यांना गुडघ्यावर आणलं, कसेबसे उठले. पुन्हा प्रयत्न केला नाही. बाकेच्या टोकाला कड्यात पाय टेकवण्यापुरतं एक अरुंद पायठाण होतं, तिथे ते चढले. मला शर्टाच्या आत पोटाशी धरलं होतं. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं, आणि ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत हे मला स्पष्ट कळत होतं. त्यांना आधार द्यायला मला हात नव्हते.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. मग मोठ्याने. मग घसा फाटेपर्यंत. लाटांनी सगळं गिळून टाकलं. फोन वर गाडीत होता. एक फोन आधी खारं पाणी पिऊन मेला होता, तेव्हापासून खाली आणायचाच नाही असं ठरलेलं.

पाणी पायठाणाशी आलं. मग त्यांच्या घोट्यांशी.

कड्यावर आवाज पोचत नाही हे दोघांना माहीत होतं, म्हणून त्यांची एक खूण होती. एरवी लांब लांब पांगले की हातोडीने खडकावर ठोके द्यायचे. दोन ठोके, जरा थांबून पुन्हा दोन, म्हणजे इकडे ये. हातोडी पायरीवर राहिली होती. डॉक्टरांच्या खांद्याशी कड्यात एक जुनी लोखंडी कडी होती, कधीकाळी कुणीतरी होडी बांधायला ठोकलेली, गंजलेली, पण जाडजूड. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग शर्टात हात घालून मला बाहेर काढलं.

मी समजलो. त्यांनाही समजत होतं, कारण ते मला हातात धरून नुसते बघत राहिले. पाणी चढत होतं आणि हा माणूस पानाच्या शिरा बघत होता. मग त्यांनी मला उलटं फिरवलं, पान तळव्याच्या आत घेतलं, पाठ कडीकडे केली.

"आज दुखेल हं," ते म्हणाले.

आणि मारलं. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

लोखंड घणघणलं. माझ्या पाठीचा एक टवका उडाला. पुन्हा दोन. आणखी एक टवका. मी जाड नाहीच मुळी. काही वेळाने पाठ इतकी पातळ झाली की तिच्याने आवाज होईना, म्हणून त्यांना कडेने मारावं लागलं. कडेशी पानाचं टोक होतं. ते गेलं. मी आतल्या आत किंचाळत होतो. पुरे, सोडा मला, असंही म्हटलं असेन. कशाला लपवू? दुखतंय तेव्हा कोण शूर असतं? पण ते मारत राहिले आणि त्यांच्या गुडघ्यांशी पाणी आलं. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की या कड्याखाली आवाज असलेली एकच वस्तू उरलीये आणि ती मी आहे. आयुष्यभर माझं कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून मी ठोका चुकवायचा प्रयत्न सोडला. जितकं वाजता येईल तितकं वाजलो.

वर ती गाडीशी होती. बाबांना आज उशीर होतोय असं तिला वाटत होतं, पण त्यांच्या बसण्याचा अपमान नको म्हणून हाक मारत नव्हती. मग तिला ठोके ऐकू आले. आधी तिला वाटलं खेकडेवाला काहीतरी दुरुस्त करतोय. पण दुरुस्त करणारा माणूस दोन मारून थांबत नाही. ती पायऱ्या उतरत धावली. पहिल्या टप्प्यावर पिशवी होती, सुटलेलं फडकं होतं, बाबा नव्हते. तिला एकच सुचलं. हातोडी काढली आणि पायऱ्यांच्या लोखंडी कठड्यावर हाणली. दोनदा.

आम्हाला ते ऐकू आलं. डॉक्टरांच्या मंद कानांना आलं का माहीत नाही, पण माझ्यातून ते गेलं आणि माझ्यातून त्यांच्या हाताला पोचलं. "आली," ते म्हणाले. "आली रे पोरगी." आणि रडायला लागले, मारता मारता.

पाणी कमरेला आलं होतं तेव्हा तिने हाका मारून बोलावलेली होडी दिसली. खेकडेवाला मागे इंजिनाशी आणि ती पुढे, हातात दोर. होडी जवळ घेणं सोपं नव्हतं. लाट आली की कडा अंगावर यायचा. खेकडेवाला तोंडाने त्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि हाताने होडी अशी सांभाळत होता की बघत राहावं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा तिने डॉक्टरांच्या शर्टाची मागची बाजू पकडली आणि त्यांना भाजीच्या पोत्यासारखं आत ओढलं.

मग तिने त्यांचा हात धरून बघितला. तळवा काळा झाला होता.

"हे काय लागलंय हाताला?"

"पान आहे ते," डॉक्टर म्हणाले.

ओल्या तळव्याला चिकटून सगळा पापुद्रा निघाला होता. ते बघत असतानाच होडीत पाणी उडालं आणि तो धुऊन गेला. इतका काळ टिकलेलं पान पुसायला एक ओंजळ पाणी पुरलं.

तेव्हा तिला रडू फुटलं. "न सांगता का गेलात?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं. ह्यांना फोन करून मी काय सांगायचं होतं? बाबा दगड आणायला गेले म्हणून?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "दुसरा अर्धा तुझ्याकडे आहे, तेवढ्यावर भागलं असतं, हे मला सुचलंच नाही, बघ. चूक माझीच. विचारायला हवं होतं."

"मीही नाही विचारलं," ती म्हणाली.

मग तिने त्यांच्या मुठीतून मला ओढून घेतलं आणि हात मागे नेला. फेकणार होती. खाली काळं पाणी होतं, मी त्याच्यावर लोंबकळत होतो. त्या दिवसभरात मी पुष्कळ घाबरलो, पण तेवढा कधीच नाही.

खेकडेवाला मागून म्हणाला, "टाकू नका हो ताई. त्याच्यामुळेच तर कळलं."

तिचा हात तसाच राहिला. मग तिने मला खिशात घातलं, आणि घरी पोचेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

घरी डॉक्टरांनी मला आणि माझ्या जोडाला एकदा टेबलावर एकत्र ठेवून पाहिलं. जमलं नाही. मधे फटच फट. फक्त शिंपल्यापाशी आम्ही अजून नेमके बसत होतो, तेवढ्याच जागी. तिथे मी त्याला शेवटचा भेटलो.

संग्रहालयाच्या बाई आल्या, जोड बघून खुर्चीतच सावरून बसल्या. पानाचा ठसा, त्यावर शिंपल्याचा ठसा, सगळं स्वच्छ. डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी मान्य केलं. "आणि दुसरा अर्धा? प्रत्यक्ष पान असलेला?"

"समुद्रात गेला," डॉक्टर म्हणाले.

सुनेने खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं आणि बाईंच्या कपात आणखी चहा ओतला. माझा जोड आता काचेच्या पेटीत आहे. तिथे पाणी नाही, वारा नाही, तो सुखी असावा. मला त्याची आठवण येते.

मी इथे, या खिडकीत. कपडे वाळत घातले की वाऱ्याने खिडकी आपटते, तेव्हा मला मधे ठेवतात, एवढंच माझं काम. डॉक्टर पुढे किनाऱ्यावर बरेच दिवस गेले नाहीत. मग जायला लागले, पण खाली उतरत नाहीत. पहिल्या टप्प्यावर हातोडी घेऊन बसतात. ती खाली जाते. पाणी वळलं की ते कठड्यावर दोन ठोके देतात, थांबून पुन्हा दोन, आणि ती हातातलं काहीही असो, टाकून वर येते. वर आल्यावर दोघं एकमेकांना आपापली पिशवी उघडून दाखवतात. खेकडेवाला हसतो त्यांना. हसू दे. घरी आल्यावर ती आधी इथे येते आणि माझ्या ठेचलेल्या पाठीवर बोटाने दोन टिचक्या मारते. त्या लागल्या की मला कळतं, आलेत.

एकच मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. कधी कड्याखाली गेलात आणि एखाद्या दगडाच्या पोटात काळी रेघ दिसली, तर जरूर उचला, जरूर उघडा. आम्हालाही कुणीतरी बघावंसं वाटतं. पण पाणी वळलं की तुम्हीही वळा. मागे काय राहिलं ते बघू नका. आम्ही थांबू. आम्हाला थांबता येतं. तुम्हाला येत नाही, तुमच्याकडे तेवढा वेळ नसतो.

आज दोघं गेलीत. मुलगा सुट्टीवर आलाय, तोच भांडी घासतोय, म्हणून हा नळ. घासता घासता तो सारखा खिडकीतून रस्त्याकडे बघतो. बाहेर ऊन उतरलंय. ओहोटी केव्हाच संपली असेल. तेच ताट तो मघापासून घासतोय.

आता त्याने नळ बंद केला. मला आता मोठ्याने बोलायला हरकत नाही, पण बोलवत नाही. तो हात पुसायचा थांबलाय आणि मीही कान देऊन आहे.

जिन्यात पावलं वाजतायत. थांबा जरा. एक हलकं, आणि मागून एक, प्रत्येक पायरीवर विसावणारं.

दोघांची आहेत.